मंगळवारी, दोन मीटर खाली

दिवसभर मी समुद्राच्या चाळीस मीटर वर असते,
क्रेनच्या काचेरी खोलीत.
पायांमधल्या काचेतून खाली बघत
डबे उचलते, डबे ठेवते.
सिंगापूरच्या धक्क्यावर बावीस वर्षं झाली
आणि पाण्याला माझा तळपाय ठाऊक नाही.

हे पुए हूनला सांगितलं तर ती म्हणाली,
मग मंगळवारी ये, रात्री आठला.
तिकीट दोन डॉलर. चष्मा, नळी, पायाचे पंखे आम्ही देऊ.
फुप्फुसं तेवढी स्वतःची आण.

हॉकी. पाण्याखाली.
मला वाटलं, चेष्टा करतेय.
पण खरंच, हातात उलथन्याएवढी काठी,
तळाशी शिशाची चकती,
बरणीच्या झाकणाएवढी, गुलाबी, सव्वा किलोची,
आणि तिच्यामागे बारा माणसं,
एका दमात जातील तेवढीच.

कमरेत मोड, ती म्हणाली, पाय आभाळात टाक,
पुढचं काम पायांचं वजन करेल.
मी मोडले.
डोकं गेलं खाली,
बूड मात्र वरच तरंगत राहिलं
बाजारातून सुटलेल्या कलिंगडासारखं.
पोस्टातून निवृत्त झालेले सुब्बय्या
काठाला धरून इतके हसले
की त्यांच्याच नळीत पाणी शिरलं.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात.
मी तीन मंगळवार नुसती पडत होते.

चौथ्या मंगळवारी नाक दाबून फुंकर मारली,
कानात काहीतरी फट् झालं,
आणि एकदम फरशी.
निळी, जराशी बुळबुळीत,
दोन फरश्यांमध्ये कुणाच्या तरी जखमेची पट्टी अडकलेली.
मी तिला हात लावला.
तळ गाठला, एवढंच. वर आले.
कुणी पाहिलं नव्हतं.

घरी आईनं विचारलं, खाली काय दिसतं?
फरश्या, मी म्हटलं.
ती बराच वेळ हसत होती, मग खोकत.
सहा वर्षांची असताना ही बाई
होडीच्या एका अंगानं बुडी मारून दुसऱ्या अंगानं निघायची.
खांबांवरचं घर होतं, खाली भरती.
मग बेट रिकामं करायला सांगितलं.
सातवा मजला मिळाला, लिफ्ट, नळ.
मला तिनं कधी पाण्यात सोडलं नाही.
पाणी पुरे झालं, म्हणायची,
आणि बादलीवर झाकण ठेवायची.

त्या बेटावर आता तेलाच्या टाक्या आहेत.
माझ्या क्रेनमधून दिसतात, हवा स्वच्छ असली की.
आईला हे मी सांगितलेलं नाही.

डोळे उघडे ठेवतेस ना, तिनं विचारलं.
चष्मा असतो, आई.
हं, म्हणाली. आम्हाला नव्हता.

हफ्सियाह सोळाची आहे, ईलसारखी वळते.
ती मला ओरडली: कक, तू चकती सोडतच नाहीस!
श्वास संपल्यावर द्यायची नसते,
संपायच्या आधी द्यायची.
माझा तर सगळा धंदा उलटा:
कुलूप लागल्याचा आवाज येईपर्यंत
डबा सोडायचा नाही.

काल सोडली.
छाती अजून अर्धी भरलेली होती,
बाजूला एक काळी काठी आलीशी वाटली,
कुणाची, कळलं नाही.
मनगट झटकलं आणि वर निघाले.
पाण्याच्या मधोमध असताना
पाठीमागे, खाली, पोलादी पन्हळीत
टण् असा आवाज झाला.
वळून बघायला दम नव्हता.
वर आले तर सुब्बय्या दोन्ही हात उंचावून बुडत होते.

आज सकाळी क्रेनमध्ये,
सातवा डबा हवेत असताना,
डाव्या कानातून कोमट पाणी उतरलं
मानेवरून खांद्यावर.
हात दांड्यांवर होते, पुसता आलं नाही.
हवा स्वच्छ होती.